क्लिनिकल सायकॉलॉजीला अर्ज करण्याआधी ओपीडीतल्या बाकावर बसून ये

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यातली एक विद्यार्थिनी एम.ए. मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. बी.ए.ला ६४ टक्के. तिला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचंय. ती विचारते: "मॅडम, एम.फिल. बंद झालं म्हणतात, मग अर्ज कुठल्या कोर्सला करायचा? एका खासगी विद्यापीठात 'एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी' आहे, इथलं सोडून तिकडे जाऊ का? बारावीनंतर मला स्वतःला डिप्रेशन होतं, दीड वर्ष गोळ्या घेतल्या, हे मुलाखतीत सांगायचं की लपवायचं? माझं इंग्रजी बेताचंच आहे. आणि मैत्रीण म्हणते, इथे डोकं फोडण्यापेक्षा अमेरिकेला जा."

मी वीसेक वर्षं या कामात आहे. सुरुवातीला सरकारी मनोरुग्णालयात होते, नंतर जनरल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात. मधली नऊ वर्षं प्रवेशाच्या मुलाखती घेणाऱ्या मंडळावर बसले, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते मला ठाऊक आहे. तुझ्या पाचही प्रश्नांची उत्तरं देते. पण तू न विचारलेला सहावा प्रश्न मला सगळ्यांत मोठा वाटतो: आजवर तू किती रुग्णांजवळ जाऊन बसली आहेस?

आधी कायद्याचं सांगते, कारण तिथेच सगळ्यांत जास्त मुलं फसतात.

आपल्याकडे 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' ही पाटी कोणी लावायची, हे कायद्याने ठरवलंय. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आपण जिला आरसीआय म्हणतो ती, या व्यावसायिकांची नोंदणी ठेवते. नोंदणी झाली की सीआरआर नंबर, म्हणजे परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीतला क्रमांक, मिळतो. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने व्याख्याच लिहून दिली. आरसीआयने मान्यता दिलेल्या संस्थेतून मिळवलेली क्लिनिकल सायकॉलॉजीची मान्य अर्हता हवी. किंवा मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर पूर्णवेळ दोन वर्षांचं, वरिष्ठांच्या देखरेखीखाली रुग्णांबरोबर केलेल्या कामासह पूर्ण केलेलं, आरसीआयमान्य एम.फिल. हवं.

आता एम.फिल.चं. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने ही पदवीच मोडीत काढली आणि यूजीसीने नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीत ते पक्कं केलं. पण क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिॲट्रिक सोशल वर्क (मनोरुग्ण आणि त्यांच्या कुटुंबांसाठीचं समाजकार्य) या दोन विषयांत एम.फिल. हाच रुग्णालयात शिरण्याचा दरवाजा होता. तो एका रात्रीत बंद केला असता तर आधीच कमी असलेली माणसं आणखी कमी झाली असती. म्हणून २०२४ च्या सुरुवातीला यूजीसीने या दोन विषयांना २०२५-२६ च्या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदत वाढवून दिली. तू एम.ए. संपवून अर्ज करशील तेव्हा कोर्सच्या पाटीवर दुसरं नाव असू शकेल. चार वर्षांचा साय.डी., म्हणजे उपचारांवर भर असलेली मानसशास्त्रातली डॉक्टरेट, हा आरसीआयचा मार्ग आधीपासून आहेच. तेव्हा पदवीच्या नावामागे धावू नकोस. आरसीआयच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते, ती उघड. संस्थेचं नाव, कोर्सचं नाव आणि कोणत्या वर्षापर्यंत मान्यता आहे, हे तिन्ही एकाच ओळीत सापडलं पाहिजे. मग संस्थेला लेखी विचार की हा कोर्स झाल्यावर आरसीआयकडे नोंदणी कुठल्या नावाने होते. फोनवर "हो हो, होतं सगळं" असं उत्तर आलं तर तिथे पैसे भरू नकोस.

यातच तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं. आरसीआयची मान्यता नसलेल्या 'एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी'ने माणूस क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. शिक्षण म्हणून तो कोर्स चांगलाही असू शकेल, मी त्याला नावं ठेवत नाही. पण तुझ्या कॉलेजच्या साध्या एम.ए.पेक्षा त्याने कायद्याच्या दृष्टीने काडीचाही फरक पडत नाही, आणि फी मात्र लाखांत असते.

यामुळे काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एक आई तालुक्याच्या गावाहून नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्याकडे आली. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी बुद्ध्यंकाचा अहवाल हवा होता. तिने तो आधीच करून आणला होता, तीन हजार रुपये देऊन. चार पानं, रंगीत आलेख, खाली सही आणि 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' असा शिक्का. सीआरआर नंबर कुठेच नव्हता. प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाने तो कागद परत केला होता. चाचणी पुन्हा करायची म्हटल्यावर ते पोर टेबलाखाली जाऊन बसलं, आणि आईने हिशेब सांगितला: दोन दिवसांची मजुरी, एसटीचं भाडं, आणि मागचे तीन हजार. अहवाल लिहिणारा मुलगा हुशारच असणार. त्याला कोणी वेळेवर सांगितलं नव्हतं, एवढंच. म्हणून तुला इतकं तपशिलात सांगतेय. तेव्हा सांगलीचं एम.ए. सोडू नकोस, नीट पूर्ण कर.

गुणांबद्दल फार बोलत नाही. एम.फिल.साठी एम.ए.ला ५५ टक्के लागायचे, राखीव प्रवर्गांना ५०. त्याच्या वर असलीस की गुणांचं काम संपलं. मुलाखतीच्या टेबलावर ६४ आणि ७८ यांतला फरक आम्हाला पाच मिनिटांनंतर आठवतही नसे.

लेखी परीक्षा मात्र हलक्यात घेऊ नकोस. सरकारी संस्थांत जागा मोजक्या असतात आणि अर्जांचा ढीग. सायकोपॅथॉलॉजी (मानसिक आजारांची लक्षणं आणि स्वरूप), संख्याशास्त्र, मेंदूची रचना आणि कार्य, चाचण्या, उपचारपद्धती यांवर प्रश्न येतात. मुलं डीएसएमचे, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकी निदान-पुस्तकाचे, निकष तोंडपाठ करून येतात. आपल्या बऱ्याच रुग्णालयांत निदानाची नोंद आयसीडीनुसार, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणानुसार, होते. आयसीडी-११ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, तरी आयसीडी-१० चे आकडे अजून जुन्या केसपेपरवर भेटतात. दोन्ही ओळखीचे ठेव. आणि निकषांच्या आधी लक्षण म्हणजे काय ते शीक. भास आणि भ्रम यांत फरक काय, विचार तुटतो म्हणजे नेमकं काय होतं, चेहऱ्यावरचा भाव आणि आतली मनःस्थिती जुळत नाही हे कशावरून म्हणायचं. मेंदूचा भाग मानसशास्त्राची मुलं टाळतात, म्हणून तिथेच मागे पडतात.

चाचण्यांबद्दल एक गोष्ट मी मुद्दाम सांगते. मुलाखतीत "कोणती चाचणी जवळून पाहिली आहेस?" असं विचारलं की दहातली आठ मुलं रोर्शाक म्हणतात. शाईच्या डागांची दहा कार्डं सगळ्यांना मोहात पाडतात. पण आपल्याकडच्या ओपीडीत रोजच्या रोज ज्या पेट्या उघडतात त्या बिने-कामत, मालिनची बुद्धिमापन श्रेणी, व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वता श्रेणी या. बिने-कामत आपल्याच मातीतली आहे. कामतांनी १९३४ मध्ये मराठी आणि कन्नड मुलांसाठी ती तयार केली. मालिन नागपूरचे, मुलांसाठीच्या वेक्सलरच्या चाचणीचं भारतीय रूप त्यांनी केलं, आणि व्हाइनलँडचं नागपुरी रूपही त्यांचंच. एका वर्षी एक मुलगा म्हणाला, "मॅडम, बिने-कामतची मानकं माझ्या पणजोबांच्या काळातली आहेत. आज त्यावरून बुद्ध्यंक सांगायचा म्हणजे तो एकटा आकडा सांगून थांबता येत नाही. मूल घरी काय काय करू शकतं हे विचारावंच लागतं." त्याने रोर्शाकचं कार्ड कधी हातात धरलं नव्हतं. आम्ही त्याला घेतलं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. त्यासाठी दोन वर्षांत काय करायचं असतं ते आधी बघ. एम.फिल.च्या पहिल्या वर्षी मुख्य भर तपासणीवर, आणि वर्षाच्या शेवटी पाच रुग्णांचे पूर्ण सायकोडायग्नॉस्टिक (चाचण्या आणि मुलाखतींवरून निदानाचे) अहवाल सादर करायचे. दुसऱ्या वर्षी उपचारांवर भर, पाच रुग्णांच्या उपचारांच्या सविस्तर नोंदी, शिवाय प्रबंध. हजेरी ८० टक्के. म्हणजे आम्ही ज्याला निवडतो तो पुढच्या महिन्यापासून खऱ्या माणसाच्या समोर बसणार असतो. त्या माणसाने चार दिवस झोप काढलेली नसते, किंवा त्याला तुझा चहा विषारी वाटत असतो. तिथे तू काय करशील याचा अंदाज आम्हाला अर्ध्या तासात बांधायचा असतो. तू कुठली पुस्तकं वाचलीस यावरून तो बांधता येत नाही. एखादं माणूस तुला दिसतं का, आणि जे दिसलं तेच तू सांगतेस का, यावरून थोडाफार येतो.

आमच्या मंडळावरचे एक ज्येष्ठ डॉक्टर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे: "बाहेर बाकावर तुझ्या शेजारी कोण बसलं होतं? त्याच्याबद्दल सांग." बहुतेक मुलं गोंधळून जात. काही लगेच म्हणत, "सर, तो ॲंक्शस, म्हणजे चिंतेत, होता." कशावरून? उत्तर नसे. एक मुलगी म्हणाली, "त्यांच्या हातात फाइल होती, ती त्यांनी चार वेळा उघडून मार्कशीट मोजल्या. दर वेळी तिसऱ्या कागदाशी थांबायचे. मी विचारलं नाही, पण तो कागद कमी गुणांचा असावा असं मला वाटलं. चुकतही असेन." पाहिलेलं वेगळं ठेवलं, अंदाज वेगळा ठेवला, आणि चूक असू शकते हेही जोडलं. मानसिक स्थितीची तपासणी लिहायला आम्ही दोन वर्षं शिकवतो ती नेमकी हीच सवय. ही मुलगी ती घरूनच घेऊन आली होती.

ही सवय माणसांजवळ बसूनच लागते. म्हणून म्हणते, अर्जाआधी निदान सहा महिने, आठवड्यातून एक दिवस, एकाच ठिकाणी जा. सांगलीकरांना मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हाताशी आहे. मानसोपचार विभागप्रमुखांना पत्र दे. तिथे जमलं नाही तर मतिमंद मुलांची शाळा, व्यसनमुक्ती केंद्र, वृद्धाश्रम, काहीही चालेल. पुण्यात किंवा ठाण्यात राहायची सोय असेल तर मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय, स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या कुटुंबांसाठी पुण्यात सा ही संस्था आहे, आणि ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याचं काम करणारी संस्था. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, पण तिथे परवानगीला वेळ लागतो, तो धरून चाल. गोव्याच्या मुलांसाठी बांबोळीची मानसोपचार संस्था आहे.

दोन दिवसांत 'सर्टिफाइड थेरपिस्ट' करणाऱ्या ऑनलाइन कार्यशाळा आणि पैसे घेऊन इंटर्नशिपचं प्रमाणपत्र देणारी दुकानं यांत एक रुपयाही घालू नकोस. अशी अकरा प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या पाकिटांत घालून आणणारी मुलं मी पाहिली आहेत. आम्ही ती उघडतही नव्हतो आणि मला दर वेळी वाईट वाटायचं, कारण त्यांच्या आईवडिलांनी त्यासाठी पोटाला चिमटा काढलेला असायचा.

आणि तिथे जाऊन करायचं काय? समुपदेशन करायचं नाही, सल्ले द्यायचे नाहीत. सांगतील ते काम कर आणि बघ. केसपेपर लावून दे, पोरांबरोबर मणी ओव. घरी आल्यावर वहीत लिही. नाव, गाव, ओळख पटेल असं काहीही लिहायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळ. आणि निदानाचा शब्द वापरायचा नाही, फक्त जे पाहिलं आणि ऐकलं ते.

एका विद्यार्थिनीने अर्जासोबत द्यायच्या निवेदनात लिहिलेला परिच्छेद मला अजून आठवतो. काही ठिकाणी असं निवेदन, ज्याला मुलं एसओपी म्हणतात, मागतात. तिने आधी मला दाखवलेल्या मसुद्याची सुरुवात "लहानपणापासून मला लोकांना मदत करायला आवडते" अशी होती. मी ती खोडायला लावली. त्यात खोटं काही नव्हतं, पण ते वाक्य त्या ढिगातल्या प्रत्येक अर्जावर होतं. मग मी विचारलं, तू मनोरुग्णांच्या डे-केअरला जातेस, तिथे काय झालं? तिने लिहून आणलं ते साधारण असं होतं:

"डे-केअरमध्ये एक काका वाटाणे सोलायचे. दाणे ताटलीत, टरफलं पिशवीत. मी शेजारी बसून बोलायला लागले की दाणे पिशवीत पडू लागायचे. मला वाटायचं, त्यांचं लक्ष लागत नाही, म्हणून मी आणखी बोलायचे. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की मी गप्प झाले की त्यांचे हात नीट चालतात. त्यानंतर मी शेजारी बसून नुसते वाटाणे सोलले. पाचव्या आठवड्यात त्यांनी न विचारता मला सांगितलं की आवाज सकाळी जास्त येतात."

एवढंच. 'सहानुभूती' हा शब्दही त्यात नाही. असे दोन परिच्छेद तुझ्याकडे असतील तर तुझं निवेदन तयार आहे. ते कोणाकडून लिहवून घेऊ नकोस आणि यंत्राकडूनही नको. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो, आणि न पाहिलेली गोष्ट खोलात विचारली की लगेच उघडी पडते.

आता तुझ्या आजाराबद्दल. हा प्रश्न तू धीर करून विचारलास. सांगितलंच पाहिजे अशी सक्ती तुझ्यावर नाही. आणि न सांगणं म्हणजे खोटं बोलणंही नव्हे. तुझा केसपेपर तुझा आहे. माझं मत विचारशील तर लेखी अर्जात तो विषय मध्यभागी ठेवू नकोस. ॲपलबी आणि ॲपलबी यांनी अमेरिकेतल्या मानसशास्त्र विभागांच्या प्रवेश समित्यांना विचारून २००६ मध्ये एक अभ्यास छापला होता. कोणत्या गोष्टींनी चांगला उमेदवार हातचा जातो, असा प्रश्न होता, आणि स्वतःच्या मानसिक त्रासाची सविस्तर कहाणी त्या उत्तरांत ठळकपणे आली. मला हे खटकतं. मानसिक आजाराचा कलंक पुसणं ज्यांचं काम आहे त्यांच्याच टेबलावर तो बसलेला असावा, याचं दुःख होतं. पण तुला प्रवेश हवाय, म्हणून जे आहे ते सांगते.

मुलाखतीत "या क्षेत्रात का?" असं विचारलं आणि तुला सांगावंसं वाटलं, तर दोन वाक्यं पुरेत: "मी स्वतः एकदा उपचार घेतले आहेत आणि त्यांचा उपयोग झाला. त्यामुळे गोळी सुरू करताना माणूस का कचरतो ते मला आतून माहीत आहे." मग लगेच ओपीडीत काय पाहिलंस त्यावर ये. आम्हाला तुझ्या दुखण्याचा तपशील नको असतो. रुग्ण त्याचं रडगाणं सांगत असताना तू त्याच्यापाशी राहशील की स्वतःच्या आठवणीत जाशील, एवढंच बघायचं असतं. त्याचा विचार तू स्वतःशीही कर. प्रशिक्षणाची दोन वर्षं कठीण असतात. मी तिथे असताना माझ्या वॉर्डातल्या एका रुग्णाने आत्महत्या केली आणि पंधरा दिवस मला जेवण गेलं नाही. ज्या गावी प्रवेश मिळेल तिथे पहिल्या महिन्यातच स्वतःसाठी एक डॉक्टर किंवा थेरपिस्ट शोधून ठेव. गोळ्या सुरू असतील तर 'आता मीच शिकतेय' म्हणून मनाने बंद करू नकोस.

इंग्रजीचं उत्तर तुला धीर देणारं आहे. परीक्षा इंग्रजीत, मुलाखत बहुतेक इंग्रजीत, अहवालही इंग्रजीत, हे खरं. तेवढं इंग्रजी कमवावंच लागेल. वहीतली एक नोंद रोज मोठ्याने इंग्रजीत सांग, छोट्या वाक्यांत, दहा मिनिटं. सहा महिन्यांत जीभ वळते. पण रुग्ण इंग्रजीत आजारी पडत नाहीत. "जीव घाबरा होतो", "डोक्याला मुंग्या येतात", "कशात मन लागत नाही", "बाहेरचं झालंय", "अंगात येतं" या शब्दांतून निदान शोधायचं असतं, आणि ते शब्द शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांना अनेकदा कळतच नाहीत. एकदा आम्ही उमेदवारांना सांगितलं, "संशयाचा भ्रम झालेल्या मुलाच्या आजीला मराठीत समजवा." अस्खलित इंग्रजी बोलणारे दोघे 'डिल्यूजन'ला मराठी शब्द शोधत बसले. सोलापूरकडची एक मुलगी म्हणाली, "आजी, शेजारी करणी करतात असं त्याला वाटतंय ना? त्याला ते तुमच्या-माझ्याइतकं खरं वाटतंय. म्हणून 'असं काही नाही' म्हणून भांडू नका आणि 'हो हो' पण म्हणू नका. रात्री झोप लागली का, जेवला का, एवढं विचारा. आणि गोळी चुकू देऊ नका." तिचं इंग्रजी तुझ्याइतकंच होतं. आज ती एका जिल्हा रुग्णालयात काम करते.

एक मात्र लक्षात ठेव, बाहेर गेलीस तर तिथली भाषा तुझी नसेल. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत कन्नड शिकावं लागतं, रांचीच्या सीआयपीत, म्हणजे केंद्रीय मानसोपचार संस्थेत, हिंदी आणि तिच्या आजूबाजूच्या बोली कानावर येतात, आसामातल्या तेजपूरच्या मानसिक आरोग्य संस्थेत असमिया. तरीही तिथे अर्ज कर. निम्हान्सची मूळ संस्था १९५४ ची, आणि पुढच्याच वर्षी तिथे या विषयाचं प्रशिक्षण सुरू झालं. सीआयपी तर १९१८ पासून रुग्ण बघतेय. अशा ठिकाणी इतक्या तऱ्हांचे रुग्ण येतात की दोन वर्षांत जे पाहायला मिळतं ते छोट्या खासगी संस्थेत दहा वर्षांतही मिळत नाही. दिल्लीची इहबास ही मानसिक आरोग्य संस्थाही यादीत ठेव. सरकारी संस्थांत विद्यावेतन मिळतं, खासगी ठिकाणी उलट काही लाख भरावे लागतात. खासगी संस्था घ्यायचीच वेळ आली तर तिथल्या सध्याच्या विद्यार्थ्याला गाठ आणि तीन गोष्टी विचार: आंतररुग्ण विभागात खाटा किती आहेत, आठवड्यातून किती तास सुपरव्हिजन मिळतं, आणि त्याच्या शेवटच्या केसचं काम कुठल्या वरिष्ठाने तपासलं. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायला तो अडखळला तर समजून जा. जमीन गहाण टाकून खासगीत जाण्यापेक्षा एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा दे. मी निवडलेल्यांपैकी कितीतरी जण दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला आलेले होते, आणि मधल्या काळात शाळेत काम केलेले अधिक पक्के निघाले.

एम.ए.च्या प्रबंधाचा विषय अजून ठरला नसेल तर लगेच विचार कर. मुलाखतीत त्यावर हमखास प्रश्न येतात आणि निम्मी मुलं तिथेच गारद होतात. साठ मुलगे, साठ मुली, एक प्रश्नावली, एक टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरींची तुलना), हा साचा सोड. गाईडला विश्वासात घेऊन, नैतिक समितीची परवानगी काढून, काहीतरी लहान पण स्वतः पाहिलेलं घे. ओपीडीत येण्याआधी कुटुंबं कुठे कुठे फिरून येतात, देवऋषी, फॅमिली डॉक्टर, मेडिकलवाला, एवढं तीस घरांना विचारून लिहिलंस तरी तुझ्याकडे बोलायला पुष्कळ असेल.

अमेरिकेचं थोडक्यात. तिथल्या क्लिनिकल पीएच.डी.ला संशोधक आणि उपचारक अशी दुहेरी घडण असते. १९४९ च्या बोल्डर परिषदेपासून तो साचा आहे. जागा एकेका प्राध्यापकाच्या संशोधनावर बेतलेल्या असतात, अर्ज बहुधा डिसेंबरात संपतात, आणि निवड झाली तर फी माफ होऊन वेतनही मिळतं. तिथला साय.डी. उपचारांकडे झुकलेला, पण तो बहुधा पदरच्या पैशाने. दोन्हीत शेवटी वर्षभराची इंटर्नशिप असते, आणि तिथे आपल्या मुलांची अडचण होते: माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या जागांना अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, आणि त्या जागा पुष्कळ आहेत. परत यायचं तर परदेशी पदवी आरसीआयकडून मान्य करून घ्यावी लागते. संशोधनाची खरी ओढ असेल तर जरूर जा. इथे प्रवेश मिळणार नाही या भीतीने जाऊ नकोस.

तेव्हा या आठवड्यात मिरजेला ते पत्र दे. मराठीतच लिही, एक पान. स्वतःची ओळख, किती महिने आणि कोणता वार येऊ शकतेस, आणि नाव-ओळख बाहेर जाऊ देणार नाही ही हमी. कॉलेजच्या विभागप्रमुखांची सही खाली घे. पोस्टाने पाठवू नकोस, स्वतः जा, आणि ओपीडी संपायच्या वेळेला जा, म्हणजे डॉक्टर दोन मिनिटं बोलतील. हो म्हणाले तर पहिल्या दिवशी डबा आणि पाण्याची बाटली घेऊन जा. रांग दुपारी दोनच्या आत संपत नाही. केसपेपरच्या खिडकीसमोरचा बाक धर. तिथून आत जाणारेही दिसतात आणि बाहेर येणारेही.